मांटाची वाट
पाण्याखालील छायाचित्रणात अंतर हीच मोठी अडचण असते, कारण पाणी प्रकाशातला तांबडा रंग सर्वांत आधी शोषून घेते आणि थोड्या अंतरावरचा प्राणीही निळसर, धूसर दिसू लागतो. म्हणून छायाचित्रकाराला जवळ जावेच लागते, आणि वन्य प्राण्याला नेमके तेच खपत नाही. प्राण्याच्या सवयी ओळखून त्याच्या वाटेवर आधीच जाऊन थांबणे, हाच यावरचा उपाय. मालदीवमधील बा या कंकणाकृती प्रवाळद्वीपातील हनिफारू उपसागरात नैऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात भरतीच्या प्रवाहाबरोबर प्लवक, म्हणजे पाण्यासोबत वाहणारे सूक्ष्म जीव, साचतात आणि ते खायला मांटा जमतात. कोकणात ज्यांना पाकट म्हणतात त्यांच्याच नात्यातले हे मासे, पण पंखांचा पसारा ३ मीटरच्याही पुढे जाणारा.

मांटाच्या तोंडाच्या दोन्ही बाजूंना मांसल पाळ्या असतात. नुसते पोहताना त्या गुंडाळलेल्या राहतात, चरायच्या वेळी उलगडतात. ही खूण ओळखून जो बाजूला निश्चल तरंगत राहतो, त्याच्या अगदी जवळून मासा निघून जातो. प्लवक दाट असले की मांटा एकामागे एक रांग धरतात, आणि पुढचा मासा शेवटच्याला येऊन मिळाला की सारी रांग भोवऱ्यासारखी फिरू लागते.

प्रस्तुत लेखकाच्या डोळ्यांदेखत अशी एक रांग मोडली, आणि तो सल अजून गेलेला नाही. रांग वळू लागली होती, उघड्या तोंडांतून कल्ल्यांच्या फिकट कमानी दिसत होत्या, तेवढ्यात एक पर्यटक फ्लॅश रोखून, पाय आपटत थेट पहिल्या मांटावर गेला. त्या माशाने तोंड मिटले, पाळ्या गुंडाळल्या आणि तो खोल वळला, मागचेही पांगले. पर्यटकाला चित्रही मिळाले नसावे, कारण मांटा ज्यासाठी येतात त्या प्लवकाच्या कणाकणावर फ्लॅशचा उजेड पडून पांढरे ठिपके उमटतात, आणि पाठलाग करणाऱ्याच्या चौकटीत बहुधा शेपटीच येते. हनिफारूत २०१२ पासून हवेची टाकी घेऊन बुडी मारण्यास बंदी आहे, ती योग्यच आहे. परंतु स्नॉर्केल लावून उतरणाऱ्या प्रत्येकाला पाळ्यांची खूण होडीतच समजावून दिली पाहिजे.

तरीही वाट हेरून शांतपणे थांबणाऱ्यांना निर्दोष ठरवणे कठीण आहे. असे अनेकजण एकाच जागी थांबले की माशांना चरण्याची वाट बदलावी लागते, आणि हनिफारूकडे गर्दी ओढणारी देखणी चित्रे बहुतांशी याच संयमी माणसांनी काढलेली असतात.