बोळापलीकडची नोटीस

१८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५५ नुसार, विक्रेत्याला ठाऊक असलेला परंतु साधारण दक्षता घेऊनही खरेदीदाराला न कळणारा मिळकतीतील महत्त्वाचा दोष उघड करणे विक्रेत्यावर बंधनकारक असून तो दडवणे हे कपट ठरते. मात्र हा ‘मिळकतीतील दोष’ कुंपणाशी संपतो की शेजारच्या इमारतीपर्यंत पोहोचतो, याचे सरळ उत्तर कलमात नाही. उल्हासनगर कॅम्प २ मध्ये सदनिका घेताना प्रस्तुत लेखिकेच्या कुटुंबाला याच संदिग्धतेची झळ बसली.

या शहरात स्लॅब कोसळतात, हे येथील रहिवाशांना नव्याने सांगावे लागत नाही. २८ मे २०२१ रोजी नेहरू चौकातील इमारतीत स्लॅब कोसळून सात जणांचा बळी गेल्यानंतर प्रत्येकजण स्वतःच्या इमारतीचे स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे बांधकामाच्या मजबुतीची तपासणी, विचारू लागला. कुटुंबानेही ते विचारले, आणि ते निर्दोष निघाले. परंतु हातभर बोळापलीकडची इमारत ‘सी-१’, म्हणजे तातडीने रिकामी करून पाडावयाची अतिधोकादायक, ठरलेली होती. व्यवहाराच्या वेळी तिच्या भिंतीवर त्या नोटिशीचा कागद नव्हता. खळीचे चार वाळलेले डाग आणि एका कोपऱ्यात अडकलेली शिक्क्याची निळी कड एवढेच उरले होते. डागांवरून नोटीस ओळखणे ही साधारण दक्षता म्हणावयाची काय? विक्रेत्याला तर ती पाठ असावी, कारण ज्या सोसायटी सभेत तिच्यावर तासभर वाद झाला, त्या सभेच्या इतिवृत्तावर त्याची सही आहे, आणि ही सही ताबा घेतल्यानंतर दृष्टीस पडली. ‘सांगितले असते तर घर विकलेच गेले नसते,’ हा त्याचा बचाव; वास्तविक ती बाब महत्त्वाची होती, याची याहून स्पष्ट कबुली कोणती? दुसरा आधार शोधावा तर २०१६ चा रेरा कायदा प्रवर्तकाला, म्हणजे बिल्डरला, बांधतो. जुन्या घराच्या फेरविक्रीत त्याचा आधार मिळत नाही.

तरीही दोष सर्वस्वी विक्रेत्याचा मानणे अवघड जाते, कारण मुलीच्या लग्नासाठी घर विकणाऱ्या त्या गृहस्थाला गल्लीतील कोणीही वेगळा सल्ला दिला नसता. म्हणून खरेदीदारानेच महापालिकेची धोकादायक इमारतींची यादी शेजारच्या इमारतींसकट तपासावी, आणि लगतच्या मिळकतीवर कोणतीही नोटीस नसल्याचे विक्रेत्याकडून साठेकरारात लिहून घ्यावे. अर्थात अशी अट घालणाऱ्याला कॅम्पातील एजंट दुसरे घर दाखवावयास फारसे उत्सुक नसतात.