हँडब्रेक ओढला की चढणारी रेस

माझ्या पिकअपची रेस दोन वर्षं धाकट्या भावाच्या पायाखाली होती. जालन्यात सदर बाजार, मामा चौक, भोकरदन नाका या भागातल्या दुकानांना मी दूध, दही, पनीर पोचवतो. मागच्या थंड पेटीचा कॉम्प्रेसर गाडीच्याच इंजिनावर पट्ट्याने फिरतो. गाडी पळत असली की पेटी गार राहते. उभी राहिली की इंजिन स्लोवर येतं, कॉम्प्रेसर मंदावतो आणि पेटीचा काटा वर सरकायला लागतो. बाजाराच्या फेरीत गाडी पळते थोडी, उभीच जास्त असते. म्हणून मी क्रेट उतरवायचो आणि भाऊ आत बसून अ‍ॅक्सिलेटर हलकासा दाबून धरायचा. मग त्याला शेंद्र्याला कंपनीत काम लागलं.

मे महिन्यात जालन्याचा पारा चाळिशी ओलांडतो. दूध चार-पाच अंशांत राहायला हवं, आणि माझी पेटी सातव्या दुकानापर्यंत अकरावर जायची. एका दुकानदाराने पनीरचं पाकीट हातात घेतलं, दाबून पाहिलं आणि काही न बोलता परत क्रेटमध्ये ठेवलं. त्याचं ते न बोलणं मला फार लागलं.

पहिला उपाय सगळे करतात तोच केला. एका गॅरेजात स्लोचा स्क्रू पिळून घेतला. उभ्या गाडीत पेटी गार राहू लागली, पण चालत्या गाडीचं सुख गेलं. कॉम्प्रेसर बंद असला की इंजिन विनाकारण ओरडायचं, गर्दीत क्लच सोडताच गाडी पुढे ओढायची, उतारावर पाय काढला तरी वेग पटकन उतरायचा नाही. आठ दिवसांत स्क्रू पूर्ववत केला.

दुसरा उपाय जुन्या जीपगाड्यांतला. डॅशबोर्डवर एक मूठ, तिची केबल थेट डिझेल पंपाच्या लिव्हरला. मूठ ओढली की रेस तिथेच अडकून राहते. शेतात उभ्या गाडीवर यंत्र चालवायला ही सोय उत्तम. पण एका दुपारी मी क्रेट उतरवून घाईत परत बसलो, मूठ आत ढकलायची विसरलो आणि पहिला गिअर टाकून क्लच सोडला. गाडीने उडी घेतली. समोर मोसंबीच्या रसाची गाडी होती. ब्रेक लागेपर्यंत बंपर तिला टेकला आणि मोसंबी रस्ताभर घरंगळली. मागे उभ्या असलेल्या म्हाताऱ्या बाबांचा पाय चाकापासून वीतभर लांब होता. मी खाली उतरून मोसंबी वेचत होतो तेव्हा माझे हात थरथरत होते. बाबा म्हणाले, "लागलं नाही ना कुणाला, मग राहू दे." त्याच संध्याकाळी मी ती केबल कापून टाकली.

अंबड चौफुलीकडे डिझेल पंपाचं काम करणारे एक जुने मिस्त्री आहेत, सगळे त्यांना चाचा म्हणतात. त्यांनी आधी माझं सगळं ऐकून घेतलं. मग क्रँकच्या पुलीवर चमकत्या कागदाची चिकटपट्टी लावली, हातातल्या टॅकोमीटरचा प्रकाश तिच्यावर धरला आणि आकडे मला वाचायला लावले. कॉम्प्रेसर बंद असताना मिनिटाला ७८० फेरे. चालू केल्यावर ६५०, आणि सगळी केबिन थडथडायला लागली.

"पंपात गव्हर्नर असतो," चाचा म्हणाले. "फिरणारी वजनं एका बाजूला, स्प्रिंग दुसऱ्या बाजूला. फेरे पडले की वजनं मिटतात आणि डिझेल वाढतं. पण पडल्याशिवाय वाढत नाही. म्हणून ओझं आलं की थोडं खालीच राहणार." जेम्स वॉटने १७८८ साली वाफेच्या इंजिनाला फिरते गोळे लावले, त्याच घराण्यातलं हे यंत्र. बॉशने १९२७ मध्ये डिझेलचे पंप कारखान्यात मोठ्या संख्येने बनवायला सुरुवात केली, तेव्हापासून डिझेलगाडी घरोघर पोचायची वाट मोकळी झाली. नाशिकच्या मायको सर्कलला ज्या कंपनीचं नाव आहे, ती २००८ साली नावानेही बॉश झाली. तरी आमच्याकडचे मिस्त्री अजून मायकोच म्हणतात.

चाचांचा उपाय होता आयडल-अपचा. छोटा डायफ्राम, त्याची दांडी पंपाच्या लिव्हरला. डायफ्रामला व्हॅक्यूम मिळाला की दांडी लिव्हर थोडी ओढते आणि रेस चढते. एसी बसवलेल्या जुन्या डिझेल गाड्यांत हे असतंच. डायफ्राम आणि तीन तोंडांचा सोलेनॉइड वॉल्व्ह मी संभाजीनगरहून आणला. तिसरं तोंड महत्त्वाचं. वीज तुटली की त्यातून हवा आत येते, डायफ्राम सैल पडतो आणि रेस आपोआप उतरते.

खरं काम नळीचं निघालं. या इंजिनात व्हॅक्यूम पंप अल्टरनेटरच्या पाठीला बसतो आणि तो ब्रेकच्या बूस्टरसाठी असतो. तिथूनच फाटा काढायचा, म्हणजे ब्रेकच्या वाट्यात हात घालायचा. बूस्टरच्या नळीत एकाच दिशेने उघडणारा वॉल्व्ह असतो. चाचांनी फाटा त्या वॉल्व्हच्या अलीकडे, पंपाच्या बाजूला घेतला, म्हणजे माझी नळी फुटली तरी बूस्टरमधला साठा शाबूत राहील. शिवाय फाट्यात सुईएवढ्या भोकाची पितळी गुळी बसवली. मोसंबीवाल्या बाबांचा पाय डोळ्यांसमोर होता, म्हणून मी हे तीनदा विचारून घेतलं. चाचा तिन्ही वेळा शांतपणे सांगत राहिले.

पहिल्या दिवशी एक चूक झाली. डायफ्रामची पट्टी बॉडीच्या पत्र्याला लावली. इंजिन रबरी माउंटवर डोलतं, पत्रा डोलत नाही. दोघांतलं अंतर सारखं बदलत राहिलं आणि रेस वर-खाली होऊ लागली. दुसऱ्या दिवशी पट्टी इंजिनावरच, डिझेल पंपाच्या बोल्टला धरली आणि रेस स्थिर झाली. दांडीच्या टोकाला लांबट भोक ठेवलं. पायाने अ‍ॅक्सिलेटर दाबला की लिव्हर त्या भोकात मोकळी पुढे जाते, डायफ्राम तिला अडवत नाही.

वॉल्व्हला वीज दोन अटींवरच पोचते: कॉम्प्रेसर चालू हवा आणि हँडब्रेक ओढलेला हवा. हँडब्रेकचं बटण दिव्याची अर्थिंग जोडतं, तेवढ्यावर वॉल्व्ह चालवायचा नाही म्हणून मध्ये रिले घातला, आणि दिव्याची वायर वेगळी राहावी म्हणून डायोड. दांडीचा नट पाव-पाव फेरा फिरवत चाचा ११००ला थांबले. मी म्हणालो, अजून थोडी वाढवा. त्यांनी मान हलवली. "पेटी बघून वाढव, कानाने नको."

मग ब्रेकची परीक्षा. इंजिन बंद करून पेडल दाबत राहिलो, ते टणक झालं. तसंच दाबून धरलं आणि इंजिन चालू केलं, तेव्हा पाय थोडा खाली गेला. बूस्टर जिवंत होता. ही परीक्षा मी आता रोज सकाळी निघण्यापूर्वी घेतो.

पहिल्या फेरीला सातव्या दुकानापाशी पेटीत सहा अंश होते. दुकानदाराने पाकीट हातात घेतलं आणि थेट फ्रिजमध्ये ठेवलं. परतताना रसाच्या गाडीशी थांबलो, हँडब्रेक ओढला. आतून टक् असा आवाज आला आणि इंजिन चढलं. बाबांनी दचकून चाकाकडे बघितलं. मी हँडब्रेक सोडला, इंजिन खाली आलं. परत ओढला, परत सोडला. चार वेळा करून दाखवलं, तेव्हा ते गाडीच्या पुढून सावकाश पलीकडे गेले आणि ग्लास भरायला लागले.