दोन चाकं की चार?

आमच्या घरात दोन्ही ट्रॉली बॅगा आहेत. प्रवास ठरला की मी दोनचाकी काढते, आई चारचाकी मागते, आणि दोघींकडेही कारणं आहेत.

आईचं मनगट दुखतं. दोनचाकी बॅग तिरकी करून ओढताना थोडा भार हातावर येतोच. चारचाकी उभीच राहते, सगळं वजन जमिनीवर. विमानतळाच्या गुळगुळीत फरशीवर, लांबलचक रांगेत, आई ती नुसती बाजूने ढकलत नेते.

पण आम्ही वर्षातून अनेकदा जातो ते कणकवलीला, तुतारी एक्स्प्रेसने. डब्यात चारचाकी उभी ठेवली की वळणावर निघालीच घरंगळत. आडवी झोपवावी लागते. उतरल्यावर पेव्हर ब्लॉकच्या फटी, मग खडी, मग घरासमोर चिऱ्याच्या पायऱ्या. तिची छोटी, गरगर फिरणारी चाकं फटीत शिरून आडवी होतात आणि बॅग हातात उचलूनच न्यावी लागते. दोनचाकीची चाकं मोठी, एकाच दिशेने फिरणारी, अर्धी बॅगेच्या आत बसवलेली. खडखड करते, पण येते. पायऱ्यांवरूनही मागे ओढत नेता येते.

खरं तर १९७२ साली अमेरिकेत बर्नार्ड सॅडो यांना पेटंट मिळालं, ती सूटकेस चारचाकीच होती. पट्ट्याने ओढायची, त्यामुळे कलंडायची. १९८७ मध्ये रॉबर्ट प्लाथ या वैमानिकाने बॅग उभी केली, खाली दोन चाकं आणि वर लांब हँडल लावलं.

आणखी एक हिशेब जागेचा. आपल्याकडे बहुतेक विमान कंपन्या केबिन बॅगेला साधारण ५५ बाय ३५ बाय २५ सेंटिमीटरची मर्यादा घालतात, आणि त्यात चाकंही धरतात. बाहेर आलेली चार चाकं आतल्या कपड्यांची जागा खातात.

परवा मावशीला बॅग घ्यायची होती. दुकानदाराने चारचाकी फरशीवर बोटाने फिरवून दाखवली. मावशी खूश. मी म्हटलं, "काका, दोन्ही बॅगांत काहीतरी वजन भरा, बाहेर फुटपाथवर ओढून बघू."

मावशी वर्षभर एसटीने फिरते. फुटपाथच्या टोकापर्यंत जाऊन आली आणि म्हणाली, "दोनचाकीच द्या. आणि हँडल जरा लांब असलेली बघा, मला वाकायला नको."