एक किलोची खुर्ची

कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे मराठी निबंधाशी माझं कधी फारसं जमलं नाही. तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला! विषय आहे माझी खुर्ची. घाबरू नका, राजकारणातली नाही, ट्रेकवर न्यायची!

ॲल्युमिनियमच्या नळ्या, त्यांच्या आत इलॅस्टिकची दोरी आणि वर कापडाची झोळी. वजन साधारण एक किलो. गुंडाळली की पाण्याच्या मोठ्या बाटलीएवढी. दोन सेमिस्टर पॉकेटमनी साठवून घेतली, तर रूममेट म्हणाली, "वेडी आहेस का? एक किलो पोह्यांत अख्खा ग्रुप जेवतो!" तिचंही बरोबर होतं. लोणावळ्याहून राजमाचीच्या पायथ्याचं उधेवाडी सुमारे १५ किलोमीटर. एवढं चालायचं तर सॅकमधल्या प्रत्येक वस्तूने निदान दोन कामं तरी करायला हवीत.

डिसेंबरात चिंचवडहून लोकल पकडली आणि निघालो. खुर्चीने कामं केली तरी किती! उधेवाडीत तिचं कापड काढून त्यातून कांदे-बटाटे आणले. रात्री त्याच कापडात स्वेटर कोंबून उशी केली आणि नुसत्या सांगाड्यावर मोजे वाळत घातले. दुसऱ्या दिवशी श्रीवर्धन उतरताना एकीचा पाय मुरगळला. गावात आणून तिला मॅटवर आडवं केलं आणि सूज वाढू नये म्हणून पाय खुर्चीवर उंच ठेवला. तिचं झाल्यावर बसायला सगळ्यांची रांग! पोहेवाली सगळ्यात पुढे.

जानेवारीत चाकणच्या एका कंपनीत इनप्लांट ट्रेनिंग लागलं. आठ तास लाइनवर उभं. पहिल्याच दिवशी पायांचे तुकडे पडले. शेजारच्या स्टेशनवरचे काका मात्र वर्षानुवर्षं असेच उभे. लाइन थांबली की ते उलट्या क्रेटवर टेकायचे, सुपरवायझर दिसला की उठायचे.

एका शनिवारी शिफ्टनंतर परस्पर ट्रेकला जायचं होतं, म्हणून सॅक गेटवर ठेवली होती. संध्याकाळी बसची वाट बघताना मी खुर्ची उघडली. बाजूला काका उभे.

"काका, बसा ना."

"नको मॅडम, तुम्ही बसा. आम्हाला सवय आहे."

फारच आग्रह केला तेव्हा बसले. बोलले काहीच नाहीत. फक्त बुटांच्या नाड्या सैल केल्या.

मग मी शोधाशोध केली. १९४८ च्या फॅक्टरीज ॲक्टमध्ये कलम ४४ होतं: उभं राहून काम करणाऱ्यांना संधी मिळेल तेव्हा विसावा घेता यावा, म्हणून बसण्याची सोय हवी. त्याच्या जागी आलेल्या २०२० च्या संहितेतही ही सोय सांगितली आहे. आणि माझ्या ट्रेनिंग रिपोर्टमधला लेआउट? त्यात कन्व्हेयर होता, बिन होते, फायर एक्स्टिंग्विशरसुद्धा होता. बसायला जागा नव्हती. आणि ते ड्रॉइंग मी स्वतः काढलेलं!

त्याच रात्री खोडून पुन्हा काढलं. प्रत्येक स्टेशनमागे एक घडीची सीट. सरांनी विचारलं, "हे काय?"

"सर, खुर्ची."

सरांनी एकदा ड्रॉइंगकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. म्हणाले, "मग डायमेन्शन्स कोण देणार?"

असो. खुर्ची आमच्या रूमवर आहे. ट्रेकला जाणाऱ्या कुणीही खुशाल न्यावी. अट एकच, परत आणताना तिचा एक नवा उपयोग सांगायचा.