काठावरचं जंगल

बोर्निओ बेटाच्या ईशान्येला, मलेशियाच्या साबा राज्यात, किनाबातांगान नदीवर दुपार कलू लागली की सुकाऊ आणि बिलित या गावांच्या धक्क्यांवरून पर्यटकांच्या होड्या सुटतात. फेरी जेमतेम दोन तासांची. पाणी मातकट, जड, घाई नसलेलं. उन्हाचा ताव उतरतो तशी दोन्ही काठांवरची झाडं हलू लागतात. फांदी मोडल्यासारखा आवाज होतो आणि लोंबत्या नाकाचा, ढेरपोट्या नर प्रोबोसिस माकड एका शेंड्यावरून दुसऱ्यावर धाडकन पडतो, मागोमाग त्याचा कुटुंबकबिला. चिखलात मगर निपचित असते, ओंडक्यावर सर्पपक्षी पंख वाळवत बसलेला, डोक्यावरून धनेशांची जोडी पंखांचा घरघराट करत पलीकडे जाते. नशीब जोरावर असेल तर उंच गवतात हत्ती, आणि अंजिराच्या झाडावर ओरांगउटान. साबामधल्या धनेशांच्या आठही जाती या खोऱ्यात आहेत. वर्षावनात एवढ्या थोड्या वेळात एवढं दिसणं दुर्मीळ, म्हणून लोक इथे येतात आणि तृप्त होऊन परततात. त्या तृप्तीवर थोडा संशय घ्यावा असं मला वाटतं. काठावर जे इतकं दाटून आलेलं दिसतं, त्यातला बराच भाग काठामागच्या उणिवेतून आला आहे.

अस्सल, न तुटलेलं वर्षावन पाहायला आलेल्याची निराशाच करतं. याच साबातल्या दानुम खोऱ्यात पन्नास-साठ मीटर उंचीची झाडं आहेत. तिथे दिवसभर चाललं तरी डोळ्यांना पानं, सावली आणि जळवा यांपलीकडे फारसं काही न मिळण्याची शक्यता मोठी. प्राणी तिथे असतातच, पण विरळ, उंचावर आणि पानांआड. जंगल कानाने ओळखावं लागतं. नदी ही अडचण दूर करते. ती छताला चीर पाडते, उजेड थेट काठावर पडतो, पालवी आणि वेली पाण्याकडे झुकतात आणि खाणारे त्यांच्यामागे येतात. म्हणजे विपुलतेचा एक भाग केवळ उजेडाचा. उरलेला मात्र इतिहासाचा आहे. गेल्या शतकाच्या उत्तरार्धात या सखल खोऱ्यातलं मोठं लाकूड तोडून नेलं गेलं, आणि त्यानंतर मोकळ्या झालेल्या जमिनीवर तेलपामचे मळे उभे राहिले. 2005 साली खालच्या किनाबातांगानला अभयारण्याचा दर्जा मिळाला तोवर जंगल तुकड्यांचंच उरलं होतं; सुमारे 26 हजार हेक्टरांचं हे अभयारण्य दहा तुकड्यांत विखुरलेलं आहे. संडाकानहून सुकाऊला येणाऱ्या गाडीच्या खिडकीतून पाम आणि पुन्हा पामच दिसतो. बहुतेक प्रवासी तेवढा वेळ डुलकी काढतात. फेरीचा पहिला आणि सर्वांत बोलका टप्पा असा झोपेत निघून जातो.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप प्रोबोसिस माकडाचाच आहे. त्याला कुणी काठावर रेटलेलं नाही. सलग जंगलातही ते संध्याकाळी नदीकडेच येतं. पाण्याच्या बाजूने ढगाळ बिबट्या येऊ शकत नाही, प्रसंग आलाच तर उडी मारून पोहत पलीकडे जाता येतं, अशी कारणं अभ्यासक देतात. आक्षेप खरा आहे आणि तो मान्य करूनच पुढे जायला हवं. पण हेच माकड माझी बाजू अधिक भक्कम करतं. त्याचं पोट अनेक कप्प्यांचं, पानं आंबवून पचवणारं. पिकलेली गोड फळं त्याला बाधतात, म्हणून कोवळी पानं आणि कच्ची फळं यांवर त्याची गुजराण चालते. गाईसारखा रवंथ करतानाही ते आढळलं आहे. अशा चोखंदळ खाणाऱ्याला झाडांचे खूप प्रकार लागतात. पूर्वी त्याचा अभ्यासही मुख्यतः होडीतून होई, कारण दलदलीत त्याच्यामागे चालणं महाकठीण. त्यामुळे ते काठाचंच माकड आहे अशी समजूत पक्की होत गेली. पुढे किनाबातांगानच्या मनंगुल या उपनदीवर संशोधक दिवसभर त्यांच्या मागे चिखल तुडवत फिरले, तेव्हा ती दिवसा काठापासून आत आठशे मीटरपर्यंत जातात असं दिसलं. साबाच्या जलकायद्याने नदीकाठी राखून ठेवायला सांगितलेली पट्टी मात्र 20 मीटरची. काठ हे या माकडाचं अंथरूण आहे, स्वयंपाकघर मागे आहे. आणि होडीतून आपल्याला अंथरूण तेवढं दिसतं. मागे पाम असला तरी संध्याकाळचं दृश्य काही काळ तसंच दिसत राहील, हे त्यातलं फसवं.

इतर प्राण्यांच्या बाबतीत तर आक्षेपाला एवढाही आधार नाही. बोर्निओचा हत्ती आता साऱ्या जगात मिळून हजारांच्या आसपास उरला आहे. इथले कळप नदीला धरून ये-जा करतात. ती वाट मळे, गावं आणि कुंपणं यांमुळे जागोजाग चिंचोळी झालेली, म्हणून कळप आला की तो होडीवाल्यांना सापडतोच. जी गाठ आपण योगायोग समजतो, ती त्या वाटेच्या रुंदीने ठरवलेली असते. ओरांगउटानला पोहता येत नाही. लहान उपनद्यांवर पूर्वी दोन्ही काठांच्या थोरल्या झाडांच्या फांद्या वर एकमेकींत गुंतत, त्यांवरून तो पलीकडे जाई. ती झाडं गेल्यावर माणसांनी दोरांचे पूल बांधले, जुन्या अग्निशामक नळ्यांच्या पट्ट्या वापरून. काही वर्षं त्याने त्यांकडे पाहिलंही नाही, मग तो जाऊ लागला. धनेशाची गोष्ट आणखी अवघड. कोकणातल्या धनेशाप्रमाणेच इथल्या धनेशाची मादीही झाडाच्या ढोलीत स्वतःला लिंपून घेऊन अंडी उबवते. तशी ढोली म्हाताऱ्या, जाडजूड खोडातच होते आणि तोडीत आधी गेली ती अशीच झाडं. आकाशातून जाणारी जोडी पाहून होडीतले सगळे हरखतात. तिला घरटं मिळालं आहे की नाही हे त्या उड्डाणावरून कळत नाही. धनेश दीर्घायुषी असतो, त्यामुळे पिल्लं होणं थांबलं तरी आकाश पुष्कळ वर्षं भरलेलंच दिसेल.

मग होडीत बसणं हाच ढोंगीपणा ठरतो का? तसं मी म्हणत नाही. होडी हाकणारे, गाईड, लॉज चालवणारे यांत ओरांग सुंगाई, म्हणजे याच नदीकाठचे लोक पुष्कळ आहेत आणि उभ्या झाडाला किंमत आहे हे त्यांच्या हिशेबात पर्यटनामुळेच सिद्ध झालं. झाडं लावणाऱ्या गावच्या बायकांची पथकं इथे आहेत, मूळ जंगलाच्या तुकड्यांना जोडण्याचं काम त्या करतात. दुसरा एक सूर असाही ऐकू येतो की हे सगळं उरलंसुरलं, दुय्यम जंगल. त्याचं कौतुक ते काय? तो मला नुसता अरसिक नव्हे, चुकीचा वाटतो. ओरांगउटान तोडलेल्या जंगलात तग धरू शकतो हे याच खोऱ्याने जगाला दाखवलं, आणि संध्याकाळी नालाकृती सरोवरात इंजिन बंद केल्यावर जी हिरवी ओल अंगावर येते ती दुय्यम म्हणून काही कमी खरी नसते. माझं म्हणणं एवढंच की मोजमाप चुकीच्या जागी होतंय. आज किती प्राणी दिसले, हा प्रश्न होडीत सगळे विचारतात. झाडांच्या या रांगेमागे किती जंगल आहे, हा क्वचित कुणी विचारतो, आणि चांगल्या गाईडला त्याचं उत्तर ठाऊक असतं.

या नदीचा आपल्याशी धागाही त्या रांगेमागेच सापडतो. पामतेलाचा जगातला सर्वांत मोठा आयातदार भारत, आणि ते येतं मुख्यतः इंडोनेशिया-मलेशियातून. महाराष्ट्रात 2022च्या दिवाळीला शंभर रुपयांत जो ‘आनंदाचा शिधा’ वाटला गेला, त्यात रवा, साखर, चणाडाळ यांच्याबरोबर एक लिटर पामतेल होतं. ज्या घरात तेल मापून ओतावं लागतं तिथे जंगलाच्या नावाने बोट दाखवण्यात मला काही नैतिक शौर्य दिसत नाही. शिवाय हेक्टरी तेल देण्यात पामची बरोबरी दुसरं पीक करू शकत नाही. त्याच्यावर बहिष्कार घालून तेवढंच तेल सोयाबीनमधून काढायचं तर आणखी जमीन लागेल. तेव्हा वाद पाम असावा की नसावा असा नाही, तो कुठे असावा याचा आहे. किनाबातांगान पूरप्रवण नदी आहे. तिच्या अगदी सखल भागात लावलेली पामची रोपं पुराच्या पाण्यात उभी राहून मरतात किंवा नीट फळत नाहीत. अशा जमिनीतून मळेवाल्यालाही फारसं काही मिळत नाही, हे अभ्यासांत दिसून आलेलं आहे. ती जमीन बहुतेक नदीलगतच आहे, म्हणजे माकडाला दिवसा जिथे जायचं असतं तिथेच. ती सोडून द्यायला मालकांना कोण आणि कशाच्या बदल्यात राजी करणार, यावर साबामध्ये सरकार, कंपन्या आणि संवर्धक यांची बोलणी व्हायला हवीत. त्यांतली काही सुरूही झाली आहेत. फेरीचं तिकीट काढणाऱ्याने तेवढी चौकशी केली, आपण उतरलो त्या लॉजच्या मागच्या जमिनीवर काय उभं आहे असं विचारलं, तर गाईडलाही बरं वाटेल.