सातबारा वाचणारी नात

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या घरी जेवणं उरकली की आजोबा शेताचा सातबारा उलगडत आणि नातीकडून मोठ्यानं वाचून घेत: गट नंबर, क्षेत्र, आकार, इतर हक्क, बोजा. भाऊबंदकीच्या वाटणीत याच कागदानं घर तारलं होतं.

सुट्टीत ते तिला शाहूपुरीत नेत. राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ मध्ये ही पेठ वसवली, गुळाचा व्यापार इथं रुजला आणि माळाला मोल आलं. व्यापारउदीम जागेची किंमत घडवतो, हे ती अडतीच्या दारातच शिकली.

पुढं २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत पंचगंगा लोकांच्या घरांत शिरली. आता कुणी प्लॉट दाखवला, की ती आधी पूररेषेचा नकाशा मागते. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची.

दर ती त्यानंतर विचारते.