छोट्या गेमला सवलत नको, वेळ द्या

पुण्यात बनलेला ‘राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक’ हा गेम १८ ऑगस्ट २०२० रोजी सगळ्यात आधी आला तो निन्टेन्डो स्विचवर. आणि निन्टेन्डो आपल्या देशात अधिकृतपणे स्विच विकतच नाही. प्लेस्टेशन, एक्सबॉक्स आणि पीसीवर तो यायला १५ ऑक्टोबर उजाडला. तोवर ज्या शहरात तो घडला तिथल्या बहुतेक पोरांनी त्याची फक्त चित्रं पाहिली. माझ्याकडे स्विच होता, लखनौच्या नाझा मार्केटमधल्या एका दुकानदाराने बाहेरून मागवून दिलेला. म्हणून तिथल्याच महानगर भागात, गोल मार्केटजवळच्या आमच्या घरात बसून मी पुण्याचा गेम पुण्याच्या आधी खेळले आणि त्यावर मराठीत लिहिलं. गाजलेल्या गेमवर लिहायला सगळं जग बसलेलं असतं. चार-सहा माणसांनी उभ्या केलेल्या गेमवर मराठीत लिहायला कुणी नसतं, आणि ते काम मला मनापासून करावंसं वाटतं.

‘राजी’वर लिहिताना पहिला प्रश्न पडला तो आपलेपणाचा. अविचल सिंग, श्रुती घोष आणि इयन मॉड यांनी सुरू केलेल्या नॉडिंग हेड्स या छोट्या कंपनीचा हा पहिलाच गेम. २०१७ साली त्यांनी किकस्टार्टरवर लोकांकडे पैसे मागितले, ते पुरेसे जमले नाहीत. तरी गेम पुरा केला. हे ठाऊक असलं की हात आपोआप सैल सुटतो, दोन गुण जास्तीचे द्यावेसे वाटतात. मी ठरवलं, कौतुक करायचं ते पडद्यावर जे दिसतं आणि हाताला जे जाणवतं त्याचंच.

आणि कौतुक करण्यासारखं भरपूर आहे. राजी कसरती करून पोट भरणारी मुलगी. रक्षाबंधनाच्या दिवशी असुर हल्ला करतात आणि तिच्या धाकट्या भावाला, गोलूला, उचलून नेतात. दुर्गा तिच्या हाती त्रिशूळ देते आणि ती भावाच्या मागावर निघते. आता हिला लढताना पाहा. ती खांबाला धरून गरकन फिरते, भिंतीवर चार पावलं धावत जाऊन उलटी झेपावते आणि उतरता उतरता वार करते. योद्धा असं लढणार नाही. दोरीवर वाढलेली पोर असंच लढेल. कथेतलं पात्र आणि बटण दाबल्यावर होणारी हालचाल यांची अशी गाठ भल्याभल्या खर्चिक गेमना जमत नाही. राजस्थानी वाड्यांच्या भिंतींवरची चित्रं, छायाबाहुल्यांमधून सांगितलेली गोष्ट, हे सगळं इतक्या निगुतीने केलंय की मी लढाई संपल्यावरही तिथेच रेंगाळत असे.

पण कॅमेरा आपल्या हातात नाही. तो जिथे ठेवलाय तिथूनच पाहायचं. त्यामुळे पुढचा कठडा जवळ आहे की लांब याचा अंदाज चुकतो आणि राजी खाली कोसळते. स्विच हातात धरून खेळताना तर ती काही ठिकाणी तांदळाच्या दाण्याएवढी दिसते. पाच-सहा तासांनी गोष्ट रंगात येते आणि तिथेच गेम संपतो. हे सगळं मी लिहिलं. त्या वर्षीच्या गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या गेमसाठी ‘राजी’ला नामांकन मिळालं, तेव्हा आनंद झाला, पण परीक्षणातला एक शब्दही बदलावासा वाटला नाही.

कन्सोलवरच्या गेमचं परीक्षण म्हणजे घराचंही परीक्षण असतं. दिवाणावर बसून समोरच्या टीव्हीवरची अक्षरं वाचता येतात का? मध्येच वीज गेली तर कुठून पुन्हा सुरू करावं लागतं? शेजारी बसलेल्या माणसाला काही कळतं का? हे मी दर वेळी पाहते, कारण आपल्याकडे टीव्ही घरात सगळ्यांचा असतो.

‘वेंबा’च्या वेळी हे फार चांगलं कळलं. टोरोंटोच्या विसाई गेम्सने २०२३ मध्ये काढलेला हा गेम. कॅनडात जाऊन राहिलेली एक तमिळ बाई, तिच्या आईची डाग पडलेली पाककृतींची वही, आणि पुसलेल्या ओळी आपण ओळखायच्या. पहिलाच पदार्थ इडली. मी ताटल्या एकावर एक रचत होते तेवढ्यात आई स्वयंपाकघराच्या दारातूनच म्हणाली, “अगं, भोकं इडलीच्या डोक्यावर नको आणूस. वाफ कशी जाईल?” आईने आयुष्यात कन्ट्रोलर हातात धरलेला नाही. कोड्याचं उत्तर तिने भांड्यावरूनच दिलं. मग ती बसलीच. दीड-एक तासाचा गेम, आम्ही एका बैठकीत संपवला. गेममधल्या बाईचा मुलगा आपली भाषा टाळायला लागतो त्या भागात आई काही बोलली नाही. लखनौत मराठी घर चालवलेल्या बाईला ते कुणी समजावून सांगायला नको. दीड तासासाठी एवढे पैसे का, असं पुष्कळांनी मला विचारलं. माझं मत आहे, द्यावेत. तासाच्या हिशेबाने गेम मोजायची सवय छोट्या गेमचा जीव घेते.

आणि त्यांचं आयुष्य मुळात कमीच असतं. २००९ साली हैदराबादच्या गेमशास्त्रने ‘देसी अड्डा’ नावाचा गेम प्लेस्टेशन २ आणि पीएसपीसाठी केला होता. त्यात कबड्डी होती, पतंगबाजी होती. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी, जमघटला, लखनौचं आकाश पतंगांनी भरून जातं. पण त्या दिवशी गच्चीवर चरखी धरून उभ्या असलेल्या आमच्या गल्लीतल्या पोरांना असा काही गेम होता हे ठाऊकही नाही. आपल्या भाषेत नीट लिहिलेलं परीक्षण असतं, तर निदान नाव तरी उरलं असतं.

‘राजी’ची सुधारित आवृत्ती २०२२ पासून हिंदी आवाजातही खेळता येते. घरात कन्सोल असेल तर सुट्टीच्या दिवशी लावा, पोरांबरोबर बसून शेवटपर्यंत खेळा, आणि काय आवडलं, काय खटकलं ते मराठीत लिहून ठेवा.